द्राक्षांच्या पॅकिंगसाठी हातमोजे कोणते निवडावेत?

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्गास पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. जानेवारी लागला म्हणजे पिंपळगाव, ओझर व निफाड या बाजूंनी निघालेले द्राक्षांचे कंटेनर याच वाटेने न्हावा-शेवा बंदराकडे जाऊ लागतात. आणि त्याच सुमारास पॅकिंगच्या सामानाची यादी खिशात घालून बागाईतदार शहरात येतात. यादीत खोकी, पनेट, अस्तराच्या पिशव्या, सल्फर डायऑक्साईड सोडणारे पॅड, कात्र्या, वजनकाटे अशी मोठी नावे वर असतात. हातमोज्यांचे नाव बहुधा अगदी शेवटी, आणि तेही ‘हातमोजे, स्वस्त’ एवढेच. दुकानदारही मग किती नग पाहिजेत एवढेच विचारतो. कोणत्या कामासाठी पाहिजेत, हे विचारणारा विरळा, आणि सांगणारा त्याहून विरळा.

वास्तविक पाहता निर्यातीच्या घडास खोक्यात बसण्यापूर्वी माणसाचा जो शेवटचा स्पर्श होतो तो या हातमोज्याचाच असतो. द्राक्ष हे फळ शिजवून खाल्ले जात नाही. त्याची साल काढता येत नाही. ग्राहक ते फार तर पाण्याखाली धरतो व तोंडात टाकतो. यास्तव पॅकिंग करणाऱ्या हातावर जे असेल ते मण्यावर जाणार आणि मण्यावरील खाणाऱ्याच्या पोटात जाणार, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

याबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. हातमोजा घातला की हात स्वच्छ झाला, असे पुष्कळांस वाटते. हातमोजा हात स्वच्छ करीत नाही. तो हात झाकतो. अस्वच्छ हाताने पेटीतून हातमोजा ओढून काढला तर तो अंगावर चढण्यापूर्वीच बाहेरून मळलेला असतो. शिवाय हातमोज्याच्या आत घाम साचतो, त्या उबेत जंतूंची वाढ होते, आणि बोटाशी बारीकशी चीर पडताच तो घाम घडावर उतरतो. उघड्या हातास चिकट रस लागला म्हणजे मनुष्य आपोआप हात धुतो, कारण ते त्याला जाणवते. हातमोज्यात ती जाणीवच नाहीशी होते. त्याच हातमोज्याने क्रेट उचलणे, फोन घेणे, केस मागे सारणे व पुन्हा घड उचलणे हे सर्व सुखेनैव चालू राहते. असा हातमोजा घालण्यापेक्षा वारंवार साबणाने धुतलेला उघडा हात बरा, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये खरेदीदार हातमोज्यांचा आग्रह धरतात. तेव्हा ते घालावयाचेच आहेत, तर नीट निवडून व नीट रीतीने घालावेत.

हातमोज्याचा जन्म मुळी माल वाचविण्यासाठी झालेला नाही, हेही येथे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९–९० च्या हिवाळ्यात डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांस जंतुनाशक औषधाने फोड येऊ लागले. तेव्हा हॉल्स्टेड यांनी एका रबर कंपनीकडून पातळ हातमोजे मुद्दाम करवून घेतले. रोग्यासही त्यांपासून लाभ होतो हे मागाहून लक्षात आले. काम करणाऱ्याचा हात आणि हाताळला जाणारा जिन्नस या दोहोंचा विचार त्यात पहिल्यापासून असा जोडलेला आहे. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून हंगामात पॅकिंगच्या कामास येणाऱ्या भगिनींच्या हातांचा विचार हातमोजे घेताना क्वचितच होतो.

बाजारात मिळणारे प्रकार

एकदाच वापरून टाकावयाचे हातमोजे मुख्यत्वे चार प्रकारचे मिळतात.

पॉलिथीनचे हातमोजे सर्वांत स्वस्त. दोन पातळ पापुद्रे हाताच्या आकारात कापून कडेने उष्णतेने चिकटविलेले असतात, म्हणून ते पिशवीप्रमाणे सैल बसतात. त्यांत मऊपणासाठी कोणतेही तेलकट द्रव्य मिसळावे लागत नाही हा त्यांचा मोठा गुण होय. मिठाई उचलून देणे, भाकरी वाढणे, पनीरचा तुकडा काट्यावर ठेवणे अशा दोन-चार मिनिटांच्या कामास ते उत्तम आहेत. द्राक्षाच्या पॅकिंगला मात्र ते सर्वथैव निरुपयोगी समजावेत. कारण असे की पॅकिंग करणारी स्त्री एका हातात घड व दुसऱ्या हातात बारीक टोकाची कात्री धरून तडकलेले, डागी व बारीक मणी काढीत असते. सैल हातमोज्याचे बोटापुढे आलेले टोक कात्रीत सहज सापडते आणि त्याचा तुकडा घडात पडतो. तुकडा पारदर्शक, पनेट पारदर्शक, अस्तराची पिशवीही तशीच! तो कोणास दिसावा? तो दिसतो हजारो मैलांवर, खाणाऱ्याच्या ताटात. आणि एका तुकड्याची तक्रार आली तरी खरेदीदार त्या एका पनेटपुरता हिशेब करून थांबत नाही.

दुसरा प्रकार व्हिनाईलचा, म्हणजेच पीव्हीसीचा. तो बऱ्यापैकी हाताबरोबर बसतो व किमतीत मध्यम असतो, म्हणून दुकानदार प्रथम हाच पुढे करतो. पीव्हीसी हे मूळचे कठीण प्लास्टिक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात मोठ्या प्रमाणावर मृदुकारक द्रव्ये मिसळतात. यांपैकी फ्थॅलेट वर्गातील काही द्रव्ये अन्नात, विशेषतः स्निग्ध पदार्थांत, उतरतात. जपानमध्ये डब्यातून विकल्या जाणाऱ्या तयार जेवणांत असे एक द्रव्य आढळले, तेव्हा शोध घेता त्याचे मूळ स्वयंपाक करणाऱ्यांच्या पीव्हीसी हातमोज्यांत सापडले. आणि जून २००० मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने त्या द्रव्याचे हातमोजे अन्नासाठी वापरू नयेत असे फर्माविले. या प्रकरणातील एक गोष्ट आपल्याकडील प्रत्येक पॅकहाऊसने लक्षात ठेवावी. तेथे निर्जंतुकीकरणासाठी हातमोज्यांवर अल्कोहोल फवारून काम पुढे चालविण्याचा परिपाठ होता, आणि त्या फवाऱ्यानेच हे द्रव्य अधिक सुटत होते. आपल्याकडेही हातमोजा बदलण्याऐवजी त्यावर सॅनिटायझर मारून काम चालू ठेवणे ही ‘स्वच्छता’ समजली जाते. पीव्हीसीच्या हातमोज्यावर तरी असे कदापि करू नये.

द्राक्ष हे स्निग्ध फळ नव्हे, तेव्हा इतकी भीती कशाला, असे कोणी विचारील. धोका कमी आहे हे खरे. परंतु २०१० सालचा हंगाम आठवावा. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागाईतदार ज्यास लिहोसीन म्हणून ओळखतात, ते संजीवक आपल्याकडील तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपातील प्रयोगशाळांनी त्याचा अंश शोधला, कंटेनर अडकले आणि अनेक बागाईतदारांचे कंबरडे मोडले. जे आपण तपासले नाही ते दुसरा तपासणार नाही, असे धरून चालणे महाग पडते. व्हिनाईलचे हातमोजे घ्यावयाचेच झाले तर ते फ्थॅलेटविरहित असल्याचे लेखी घ्यावे.

लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे हातमोजे हातास उत्तम बसतात, ताणले असता फाटत नाहीत आणि बोटांना स्पर्श कळतो. तथापि रबराच्या चिकात असलेली प्रथिने काही व्यक्तींस सोसत नाहीत. प्रथम खाज, मग गांधी, आणि क्वचित श्वास लागण्यापर्यंत मजल जाते. हा त्रास घालणाऱ्यासच होतो असे नसून ज्यास रबराचे वावडे आहे अशा खाणाऱ्यासही होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतील काही राज्यांनी अन्न हाताळताना लॅटेक्सचे हातमोजे वापरण्यास मनाई केली आहे. त्यातही आतून पावडर लावलेले हातमोजे वाईट, कारण पावडरीबरोबर ती प्रथिने हवेत उडतात. पावडरीच्या वैद्यकीय हातमोज्यांवर अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. द्राक्षाच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की मण्यांवर मेणाची जी नैसर्गिक पांढरट लव असते तिच्यावर पावडरीचे ठसे उमटतात व माल औषध फवारल्यासारखा डागी दिसतो. कोणत्याही जातीचा असो, पावडरीचा हातमोजा पॅकिंगच्या टेबलावर येऊ देऊ नये.

राहिला चौथा, नायट्राईलचा. हे कृत्रिम रबर होय. त्यात चिकातील प्रथिने नसतात, तेल व चरबी यांस ते दाद देत नाही, आणि हाताच्या उबेने काही वेळात बोटांच्या आकाराशी जुळवून घेते. कात्रीचे टोक लागलेच तर चीर मोठी होत जाऊन चटकन दिसते. हा दोष वाटेल, पण गुणच आहे. कारण फाटलेला हातमोजा ओळखू येणे हेच आपणांस हवे असते. किंमत मात्र पॉलिथीनच्या कैक पट. नायट्राईलनेही क्वचित एखादीच्या हातास पुरळ येते, ते बनवितानाच्या रसायनांमुळे. अशा वेळी दुसऱ्या बनावटीचा माल आणून पाहावा, ‘सवय होईल’ असे म्हणून पुरळावर पुरळ चढू देऊ नये.

सारांश, द्राक्षाच्या छाटणी-पॅकिंगसाठी पावडरविरहित, निळ्या रंगाचा, मापाचा नायट्राईल हातमोजा घ्यावा. निळाच का? निळ्या रंगाचे खाद्य जवळजवळ नाहीच. हिरव्या थॉमसनच्या घडात काय किंवा काळ्या शरदच्या घडात काय, निळा तुकडा टेबलावरच डोळ्यांत भरतो. पांढरा कागदी अस्तरात हरवतो आणि काळा काळ्या मण्यांत.

माप

मापाकडे आपल्याकडे जे दुर्लक्ष होते त्याची कारणमीमांसा सोपी आहे: हातमोजे पुरुष खरेदी करतात व स्त्रिया घालतात. दुकानात आपल्या हातावर चढवून पाहून ‘ठीक आहे’ म्हटले जाते आणि सर्वांसाठी एकच मोठे माप येते. पॅकिंग करणाऱ्या भगिनीच्या बोटापुढे मग अर्धा इंच रिकामे टोक लोंबते. म्हणजे महाग नायट्राईल आणूनही दोष पॉलिथीनचाच राहिला!

माप घेण्याची रीत अशी. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांच्या मुळाशी, उंचवट्यांवरून तळहाताभोवती शिंप्याची टेप गुंडाळावी. ६ इंच भरल्यास अतिलहान, ७ इंचांस लहान, ८ इंचांस मध्यम व ९ इंचांस मोठे माप लागते. हंगामाच्या पहिल्या दिवशी नावांची यादी करतानाच प्रत्येकीचे माप त्या यादीत लिहून घ्यावे. बनावटीगणिक थोडा फरक पडतो, तो एक-एक पेटी आणून पाहावा. फार घट्ट हातमोजाही नको. बोटे बधिर होतात व दुपारनंतर कात्री चुकू लागते.

बांगड्यांचा प्रश्न नाजूक आहे. काचेची बांगडी पॅकिंगच्या टेबलावर फुटली तर त्या टेबलावरील सर्व माल बाजूस काढावा लागतो, म्हणून पॅकहाऊसचे नियम बांगड्या उतरविण्यास सांगतात. परंतु सवाष्ण स्त्रीने हात मोकळे करणे आपल्या समाजात अशुभ मानतात, आणि पर्यवेक्षकाने चारचौघांत ‘काढा’ म्हणून ओरडणे हे तिच्या मनास लागल्याखेरीज राहत नाही. ज्या ठिकाणी कामावर घेण्यापूर्वीच हे घरी शांतपणे समजावून सांगतात तेथे कुरबुर कमी होते. ज्या बांगड्या उतरतच नाहीत त्यांवर मनगटापासून कोपरापर्यंतची, दोन्ही टोकांस रबर असलेली बाही चढवावी व हातमोज्याची कड त्या बाहीवर घ्यावी. खड्यांची अंगठी मात्र काढलीच पाहिजे. ती हातमोजा आतून फाडते.

वापर

हातमोजा घालण्यापूर्वी साबण लावून सुमारे २० सेकंद हात चोळून धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. ओल्या हातावर हातमोजा चढत नाही, ताणून चढविला तर फाटतो, आणि दिवसभर ओल राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. हातमोजा कडेस धरून घालावा, बोटांच्या टोकांस हात लावू नये. फुंकर मारून फुगवून घालण्याची खोड पुष्कळांस असते. तिने तोंडातील सर्व काही आत जाते.

पुढील प्रसंगी हातमोजा बदललाच पाहिजे: कात्रीचे टोक लागल्यावर, शौचास जाऊन आल्यावर, खाणे, पिणे वा तंबाखू झाल्यावर, शिंक किंवा खोकला हातावर घेतल्यावर, जमीन, केरसुणी, फोन किंवा पैसे यांस स्पर्श झाल्यावर, आणि कुजका घड हाताळल्यावर. यांपैकी काहीच घडले नाही तरी ४ तासांहून अधिक काळ एक जोडी घालू नये. प्रत्येक वेळी बदलताना हात पुन्हा धुवावेत. फाटलेल्या हातमोज्याचा तुटका भाग सापडेपर्यंत त्या टेबलावरील खोके पुढे जाऊ देऊ नये. म्हणूनच निळा रंग.

येथे एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. मजुरी जर खोक्यांच्या संख्येवर असेल तर हातमोजा बदलण्यात गेलेली प्रत्येक मिनिटे त्या भगिनीच्या पदरची जातात. ती बदलणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही. बदलाचा वेळ मालकाने आपल्या हिशेबात धरावा. चहाच्या व जेवणाच्या सुट्टीनंतर नवी जोडी दारातच हाती द्यावी, मागावी लागू नये.

तीच गोष्ट आजारपणाची. हातास पुवाळलेली जखम किंवा जुलाब-उलटीचा त्रास असलेल्या व्यक्तीस हातमोजे घालूनही घडास हात लावू देऊ नये. परंतु आजार सांगितला की दिवसाची मजुरी बुडते असे असेल, तर आजार सांगितला जात नाही. जखम असलेल्या व्यक्तीस खोकी जुळविण्याचे किंवा चिकटपट्टी लावण्याचे काम देता येते. जुलाब-उलटी असलेल्या व्यक्तीस पूर्ण बरे होईपर्यंत पगारी रजा देणे एखादा कंटेनर गमावण्यापेक्षा स्वस्त पडते. बोटास नुसते खरचटले असल्यास त्यावर पाणी न शिरणारी निळी पट्टी लावून मग हातमोजा घालावा. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करणे अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या विनियमांनुसार आवश्यकच आहे.

हातमोजा असला तरी घड देठासच धरावा. हातमोज्यानेही लव पुसली जाते, आणि बोटांचे ठसे उमटलेला घड बाजारात शिळा दिसतो.

बेदाणा करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पोटॅशियम कार्बोनेट व इथाईल ओलिएट यांच्या द्रावणात घड बुडविताना एकदाच वापरावयाचे पातळ हातमोजे पुरेसे नाहीत. हे द्रावण क्षारधर्मी व तेलकट असते. तेथे कोपरापर्यंत येणारे जाड नायट्राईलचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे हातमोजे घ्यावेत. मात्र बेदाण्याची निवड व भरणी करताना पुन्हा पातळ निळेच.

खरेदी व परीक्षा

पेटीवर ‘अन्नपदार्थांच्या संपर्कास योग्य’ असा स्पष्ट उल्लेख किंवा पेला व काटा यांचे चिन्ह असावे. बनविणाऱ्याचे नाव, घाणा क्रमांक व तारीख नसलेला माल घेऊ नये. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्याची मर्यादा भारतात अन्नाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम अशी असून, तिची तपासणी आय.एस. ९८४५ या मानकाप्रमाणे होते. ही मर्यादा अन्नाच्या वेष्टनांसाठी घातलेली आहे. हातमोज्यासही तीच कसोटी लावून अहवाल मागण्यात गैर काही नाही. चांगला विक्रेता तो देतो. सुटे, पिशवीत भरून वजनावर मिळणारे हातमोजे कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मुंबईत, वापरलेले हातमोजे धुऊन पुन्हा विकण्याचा उद्योग पोलिसांनी उघडकीस आणला होता, हे विसरू नये.

घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. पेटीतून काही हातमोजे कोठूनही उचलावेत. प्रत्येकात १ लिटर पाणी भरून कड बांधून २ मिनिटे टांगून ठेवावे. बोटांच्या बेचक्यांत थेंब दिसला तर तो हातमोजा गळका. दहांत एखादा गळला तर आणखी दहा पाहावेत. पुन्हा गळला तर पेटी परत करावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने हातमोजा घासून पाहावा. निळा रंग फडक्यावर उतरला तर मण्यावरही उतरेल.

पेटीत १०० नग असतात, म्हणजे ५० जोड्या. १०० जोड्या समजून खरेदी करणारे हंगामाच्या ऐन मध्यावर उघडे पडतात. समजा ४० जणी कामावर आहेत आणि दिवसास तीन जोड्या लागतात. तर १२० जोड्या म्हणजे २४० नग रोज झाले. ६० दिवसांच्या हंगामास १४,४०० नग, अर्थात १४४ पेट्या. फाटण्याची तूट धरून १६० मागवाव्यात, आणि त्या मापवार विभागून. मागणी डिसेंबरातच नोंदवावी. पेट्या उन्हापासून दूर, औषधांच्या खोलीत नव्हे तर स्वतंत्र कोरड्या जागी ठेवाव्यात. सल्फरच्या पॅडशेजारी तर मुळीच नकोत.

वापरलेल्या हातमोज्यांचा ढीग हंगामअखेर बांधावर नेऊन पेटवून देण्याची पद्धत सर्रास दिसते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड हा तिखट वायू निघतो व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. इतर प्रकारांचा धूरही हितावह नाही. १ जुलै २०२२ पासून देशात बंद केलेल्या एकवापरी प्लास्टिकच्या वस्तूंच्या यादीत हातमोजे नाहीत. म्हणजे वापरास आडकाठी नाही, पण उघड्यावर जाळण्यास ती मुभा नव्हे. पॅकहाऊसच्या दाराशी झाकणाची स्वतंत्र टोपली ठेवावी, भरलेल्या पिशव्यांची तोंडे बांधावीत, आणि नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा अधिकृत कचरा संकलन करणाऱ्याकडे त्या आठवड्यातून एकदा पोचवाव्यात. टोपलीतील नग अधूनमधून मोजून पाहिले तर दुसराही एक उपयोग होतो: ४० जणींच्या दिवसभराच्या कामानंतर टोपलीत जर ८०च नग निघाले, तर त्या दिवशी कोणीच हातमोजा बदललेला नाही हे न विचारता कळते.